होडीची बॅटरी, पंपाची केबल आणि आमचा छोटा हत्ती

आज पिकाचं नाही, बॅटरीचं लिहितोय. पाऊस तोंडावर आलाय, गाड्या आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभे राहायचे दिवस आलेत. गेल्या आठवड्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला, की काका, चावी फिरवली की गाडी नुसती टक-टक करते, सेल्फ फिरत नाही, घरच्या घरी काय करता येईल? एकाला फोनवर सांगितलं. दुसऱ्याला सांगताना वाटलं, हे एकदा नीट लिहून ठेवावं.

मी मेकॅनिक नाही. दहावी पास, वाडी करणारा माणूस. आमचं कळंब म्हणजे एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला केळी, नारळ, भाजी, फुलांच्या वाड्या. मुंबईच्या लोकांना कळंब म्हटलं की बीच आठवतो. बीचच्या मागं अजून शेती होते हे त्यांना परत जाताना रस्त्यावर भाजीवाली दिसली तरच कळतं. असो.

माझं या विषयातलं सगळं शिक्षण तौक्ते वादळात झालं. १७ मे २०२१, सोमवार. वादळाचं नाव म्यानमारनं दिलेलं, अर्थ म्हणे पालीसारखा एक प्राणी. पाल नव्हती ती. वादळ आमच्या किनाऱ्याला लागलं नाही, समुद्रातून समांतर वर गुजरातकडं गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. आमच्याकडं वारा मोजायला यंत्र नाही, पण उभी वेलची केळी दुपारपर्यंत एका दिशेला झोपली, यावरून अंदाज करा. त्याच दिवशी भर समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला आणि कितीतरी माणसं गेली. त्यापुढं आमच्या केळीचं काय घेऊन बसायचं, असं तेव्हाही वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत उभं राहिल्यावर आपलं नुकसान आपल्यालाच दिसतं.

पडलेल्या केळीचं गणित शेतकऱ्यांना सांगायला नको. लोंगर जमिनीला टेकलं, दांडा मोडला, की उन्हात चटका बसतो आणि दोन दिवसांत माल काळा पडायला लागतो. पाऊण भरलेला माल वखारवाला घेतो, भाव पाडून घेतो पण घेतो. कोवळा असेल तर गुरांपुढं. आमच्या वाडीत पाऊण भरलेली साठेक लोंगरं आडवी होती. म्हणजे मंगळवार, फार तर बुधवार, एवढीच मुदत. आणि लाइट सोमवारी सकाळीच गेलेली, कधी येईल ते कुणालाच माहीत नाही.

आता टेम्पो. आमच्याकडं जुना डिझेलचा छोटा हत्ती. एप्रिलपासून कोरोनाचे निर्बंध पुन्हा कडक झाले होते. भाजी-फळाला परवानगी होती, पण गिऱ्हाईक निम्मं, म्हणून आम्ही तिघं शेजारी मिळून एकाच गाडीतून माल पाठवायचो. डिझेल वाचायचं. ती गाडी शेजारच्या तात्यांची. सोमवारी तात्यांच्या गाडीवर नारळाचं झाड पडलं, केबिन चेपली. राहिली आमची, तीन आठवडे उभी असलेली.

चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले, सेल्फला चावी दिली की मंद झाले, आणि टक-टक-टक. हा आवाज ओळखून ठेवा. पूर्ण शांतता असेल तर वायर सुटलेली असू शकते, फ्यूज असू शकतो. दिवे भक्कम राहिले आणि एकच टक आला तर सेल्फमध्ये दोष शोधा. पण दिवे मंद होऊन टक-टक लागली, तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल धरत नाही. यातलं दुसरं कारण आधी बघायचं, कारण ते फुकटात सुटतं.

आमच्यासारख्या खाऱ्या हवेच्या गावात तर नक्कीच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरते तशी खरपुडी चढते. वरून क्लॅम्प घट्ट दिसतो, आत मात्र धातूला धातू लागतच नाही. आधी काळ्या म्हणजे निगेटिव्ह बाजूचा क्लॅम्प काढायचा, मग लाल बाजूचा. चुलीवर गरम केलेल्या पाण्यात मूठभर खायचा सोडा टाकून वरून ओतायचं, झाकणं मात्र घट्ट बंद हवीत, सोड्याचं पाणी आत गेलं तर ॲसिड मरतं. मग पॉलिश पेपरनं चकचकीत करून परत आवळायचं आणि वरून ग्रीस. अशा एका साफसफाईवर चालू झालेल्या गाड्या मी पाहिल्यात, ज्यांचे मालक नवी बॅटरी आणायला निघाले होते.

आम्ही ते केलं. टक-टक चालूच. मग पंपाच्या कामासाठी ठेवलेला मीटर लावला. ११.३ व्होल्ट. बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देतं, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली आली की ती जवळजवळ रिकामी समजा. साडेदहाच्या आसपास अडकून राहिली आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर एक घर मेलंय, मग तिच्यावर वेळ घालवू नका. आमची ११.३ म्हणजे रिकामी, पण मेलेली नाही. सेल्फला चावी दिल्यावर मात्र काटा सातवर.

चार्जर घरात होता. लाइट नव्हती. इन्व्हर्टरची बॅटरी होती, पण रात्रभर पंखे आणि दिवे चालवून तीही बसलेली. बॅटरीची दुकानं बंद. ढकलून चालू करायचं म्हटलं तर गाडीपुढं तीसेक फूट गल्ली मोकळी, पुढं आडवं झाड, आणि खालची जमीन पावसानं भिजलेली रेताड. सहा जणांनी जोर लावला, चाक रुतलं. शिवाय हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत इंधनाचा व्हॉल्व बॅटरीवरच उघडतो, त्यामुळं बॅटरी पूर्ण बसली असेल तर ढकलूनही उपयोग होत नाही. वडिलांच्या वेळचं विहिरीवरचं इंजिन बरं होतं. हँडल मारलं की चालू, बॅटरीचा संबंधच नाही. मोटारींनाही पूर्वी हँडलच मारायचे, १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं सेल्फ स्टार्टर बसवला आणि तिथून आपण सगळे या शिशाच्या डब्याच्या हातात गेलो. डबा त्याहून जुना, १८५९ साली प्लांटे नावाच्या फ्रेंच माणसानं केलेला. आत शिशाचे पत्रे आणि गंधकाचं ॲसिड. आजही तेच.

पुतण्या म्हणाला, "काका, होडीची बॅटरी?"

हे मला सुचलं नव्हतं. वादळाच्या इशाऱ्यामुळं होड्या दोन दिवस आधीच परत येऊन वर ओढलेल्या होत्या. माझा एक कोळी मित्र आहे, आम्ही त्याला नाखवाच म्हणतो. त्यानं होडी वर घेतली तेव्हाच बॅटरी काढून घरी आणून ठेवली होती. इंजिनावर चालून आलेली, म्हणजे भरलेली. मीटर लावला, १२.६. नाखवा म्हणाला, "घेऊन जा, मला समुद्रात कुठं जायचंय आता." ती गाडीच्या बॅटरीपेक्षा मोठी, वजन तीस-पस्तीस किलो. हातात धरून नेली तर कलते, आणि कललेल्या बॅटरीतून ॲसिड सांडतं. म्हणून कावडीला दोरीनं सरळ बांधली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पुतण्या, आणि पडलेली झाडं ओलांडत आणली. वाटेत एका आजींनी विचारलं, आत काय देव आहे का.

होडीची किंवा ट्रकची बॅटरी उसनी आणताना एक गोष्ट बघा. मोठ्या इंजिनांवर बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. आपल्याला त्यातली एकच सुटी बॅटरी हवी. चोवीस व्होल्ट छोट्या गाडीला लावले तर गाडीतली वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स तिथंच जातील.

बॅटरी आली, पण जोडायची कशानं? जंपर केबल आमच्या अख्ख्या आळीत नव्हती. पुतण्यानं घरच्या फिटिंगची उरलेली वायर आणली, लाल आणि काळी, प्रत्येकी दहा फूट, आणि जोडून चावी दिली. टक-टक तशीच, वर वायर गरम होऊन प्लॅस्टिकचा वास. त्याला वाटलं होडीची बॅटरीही बसलेली आहे. बॅटरीत दोष नव्हता, वायर अपुरी होती.

खरा मुद्दा इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्टार्टर दोन-चार सेकंदच चालतो, पण तेवढ्यात दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. घरातला बल्ब एक अँपिअरही ओढत नाही. दोन इंची पंपाला अर्धा इंची नळी लावून शंभर फुटांवर पाणी न्यायचा प्रयत्न करा, टोकाला नुसती धार येईल, सगळा दाब नळीतच संपेल. वायरीचं तसंच. पुतण्याच्या दीड एमएमच्या वायरीचं जाऊन-येऊन वीस फुटांचं गणित मी नंतर शांतपणे कागदावर केलं. दीडशे अँपिअरला बारातले दहा व्होल्ट वायरीतच जात होते. स्टार्टरला उरले दोन. तो कसा फिरणार?

उपाय दोनच, वायर जाड करा आणि आखूड करा. वेल्डिंगवाल्याकडची केबल उत्तम, पण त्याचं दुकान बंद आणि तो नालासोपाऱ्यात. मग शेडमध्ये पंपाची जुनी चपटी केबल आठवली. विहिरीतली मोटर बदलली तेव्हा काढून ठेवलेली, चार एमएमची, आत तांब्याच्या तीन वायरी. हिच्या तीनही वायरी टोकाला एकत्र पिळल्या की ती बारा एमएमची एकच जाड वायर होते. पाच-पाच फुटांचे दोन तुकडे कोयत्यानं तोडले, दोन्ही टोकांची चार-चार बोटं साल काढली, तांबं पॉलिश पेपरनं घासलं आणि तिन्ही पदर एकत्र पिळले. जाऊन-येऊन दहा फूट. याचं गणित केलं तर दीडशे अँपिअरला पाऊण व्होल्टही जात नाही. तीच बॅटरी, तीच गाडी, फरक फक्त केबलचा.

पाच फूट केबल म्हणजे बॅटरी गाडीला चिकटूनच हवी. लोक केबल लांब शोधतात. केबल आखूड ठेवा आणि बॅटरी उचलून गाडीजवळ न्या.

चिमटे नव्हते. पंपाच्या पाइपाला आवळायच्या पत्र्याच्या क्लिपा होत्या, स्क्रूनं घट्ट होणाऱ्या. पिळलेलं तांबं टर्मिनलभोवती गुंडाळायचं आणि वरून क्लिप आवळायची. खरं सांगतो, बाजारातल्या स्वस्त चिमट्यापेक्षा ही पकड चांगली बसते. लाल बाजूच्या तुकड्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली, म्हणजे ते टोक चुकून गाडीच्या पत्र्याला लागायला नको.

जोडायचा क्रम पाठ करा. पहिलं टोक बसलेल्या बॅटरीच्या प्लसला. दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग दुसरी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि तिचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीला लावायचं नाही, ते गाडीच्या लोखंडाला लावायचं. आम्ही चासीवर जिथं गाडीची स्वतःची अर्थची पट्टी बसते तो बोल्ट कानशीनं घासून तिथं लावलं. कारण शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडाली तर बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर येऊ शकतं. विडी पेटवून हे काम करणारे मी बघितलेत, त्यांना हात जोडतो. शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवा. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर आधी पाणी, भरपूर पाणी, बाकी सगळं नंतर. डोळ्यात गेलं असेल तर धुऊन लगेच डॉक्टरकडं.

जोडल्या जोडल्या आम्ही चावी दिली नाही. वीस मिनिटं तसंच ठेवलं. भरलेल्या बॅटरीतून बसलेलीत थोडा करंट उतरतो, जसं दोन टाक्या खालून जोडल्या की पाणी एका पातळीला येऊ लागतं. तेवढ्या वेळात चहा झाला. मग चावी दिली. पहिले दोन फेरे जड, आळसावल्यासारखे, तिसऱ्याला इंजिननं धरलं. काळा धूर आला आणि पुतण्यानं शिट्टी मारली.

केबल काढताना उलटा क्रम, आधी चासीचं टोक. आणि अजून एक. काहीजण उसन्या बॅटरीवर गाडी चालू करतात आणि चालू इंजिनावरच तिला काढून आपली जुनी बॅटरी बसवतात. असं करू नका. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

त्या दिवशी आम्ही इंजिन बंदच केलं नाही. माल भरेपर्यंत चालू, वखारीत उतरवेपर्यंत चालू. डिझेल गेलं, पण बंद करून परत नाखव्याकडं कावड न्यायची ताकद नव्हती. गल्लीतलं झाड मुलांनी कुऱ्हाडीनं तोडून बाजूला केलं, निर्मळवरून सोपाऱ्याकडं जाताना दोन ठिकाणी थांबावं लागलं. दोन खेपांत त्रेपन्न लोंगरं गेली. भाव नेहमीच्या एक तृतीयांश मिळाला. वखारवाल्याला दोष देत नाही, त्याच्याकडं त्या दिवशी सगळ्या वसईची केळी आली होती.

गाडी चालू झाल्याचा दुसरा फायदा कुणीच धरला नव्हता. सगळ्यांचे मोबाइल बंद पडलेले. पंचनाम्याला फोटो लागणार, तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत पडलेली बाग तशीच ठेवली तर माल सडतो, आणि उचलली तर नुकसान दाखवायचं कशावरून? म्हणून फोटो आधी, कोयता नंतर. त्यासाठी फोन हवा. छोट्या हत्तीच्या चार्जिंगच्या खाचेत आळीतले फोन पाळीपाळीनं लागले. फोटो काढले, तारीख-वेळ दिसेल असे, आणि मग झाडं तोडली. पुढं पंचनाम्याला ते कामाला आले. वादळाच्या दिवसांत चालू गाडी म्हणजे छोटं वीजघरच आहे, एवढं डोक्यात ठेवा. फक्त बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराचा विषारी वायू कळतही नाही.

बुधवारी त्याच केबलनं आणखी दोन गाड्या चालू केल्या, त्यातली एक फुलवाल्याची. नाखव्याची बॅटरी मग आमच्याच गाडीवर, इंजिन बंद ठेवून नीट बसवून, तासभर फिरवली आणि त्याला परत दिली. पैसे घेतले नाहीत त्यानं. एक लोंगर घेतलं, तेही बायकोनं सांगितलं म्हणून.

लाइट आल्यावर आमची जुनी बॅटरी चार्जरला लावली, कमी अँपिअरवर, रात्रभर. गाडी तासभर चालवली की बॅटरी भरते हा समज सोडा. अल्टरनेटर चालू बॅटरीची झीज भरून काढतो, पूर्ण बसलेली बॅटरी भरायला चार्जरच हवा. पाण्याची पातळी कमी झाली होती, डिस्टिल्ड वॉटर घातलं. विहिरीचं पाणी घालू नका. आमच्या किनाऱ्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि ते मीठ आतले पत्रे खातं. कुणी म्हणालं, पावसाचं पाणी चालेल. एरवीचं मी सांगत नाही, पण त्या वादळाचा पाऊस समुद्राचे तुषार घेऊन आला होता, केळीची उरलेली पानं मिठानं करपून तपकिरी झाली होती. ते बॅटरीत घालायचं? आणि ॲसिड तर घरी अजिबात ओतू नका. बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड उडत नाही.

चार्ज होऊन ती १२.५ वर आली, पण दोन दिवस ठेवल्यावर सकाळी पुन्हा सेल्फ जड. चार वर्षं झाली होती, तिचं वय झालं होतं. जूनमध्ये दुकानं उघडल्यावर नवी घेतली. दुकानदार जुनीचे भंगाराचे पैसे कमी करून देत होता, मी दिली नाही. सेल्फ फिरवायला तिच्यात दम नसला तरी बारा व्होल्टचा छोटा एलईडी दिवा तिनं पुढं दीड वर्ष वाडीतल्या खोपीत जाळला. मग भंगारात दिली, ओळखीच्या बॅटरीवाल्यालाच. शिसं आणि ॲसिड वाडीच्या कोपऱ्यात टाकायची वस्तू नाही, आपण तिथलंच पाणी पितो.

आता गाडी उभी राहणार असेल तर मी निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवतो. बंद गाडीतही घड्याळ, रेडिओ थोडा थोडा करंट खातच असतात. दर पंधरा दिवसांनी लावून अर्धा तास फिरवतो. केबलचे ते दोन तुकडे क्लिपांसकट शेडच्या खिळ्याला टांगलेले आहेत. कळंब, राजोडी, निर्मळकडच्या कुणाला लागले तर घेऊन जा, फक्त आणून परत त्याच खिळ्याला लावा. गेल्या वर्षी एकानं नेले ते महिनाभर आलेच नाहीत.